सतरावा प्रश्न

फॉर्मवर भाऊजींचं नाव लिहिलं. वय एकोणतीस. ताप किती दिवस, खोकला किती दिवस, धाप कधीपासून. श्वास मोजले तर मिनिटाला चौतीस. एकेक रकाना भरत खाली आले आणि सतराव्या प्रश्नाशी अडले. 'गेल्या चौदा दिवसांत जिवंत, आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी संपर्क आला होता का?' पुढे तीन चौकोन आहेत: होय, नाही, माहीत नाही. त्यातल्या 'नाही'त खूण आधीच केलेली होती. खूण माझीच, सोमवारी सकाळची.

समोरच्या खाटेवर भाऊजी तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावून बसले होते. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून पाठीशी दोन उशा लावून बसवलेलं. माझ्या नवऱ्याने सकाळी त्यांना अक्षरशः उचलून गाडीत घातलं होतं आणि आता तो खाली भरतीच्या कागदांच्या रांगेत उभा होता. भाऊजी म्हणजे त्याचा पाठचा भाऊ, आमच्याच घरात राहणारा. काम कोंबड्या पकडण्याचं. पोल्ट्रीतल्या कोंबड्या विकायच्या झाल्या की आठ-दहा जणांची टोळी शेडमध्ये शिरते, एकेका हातात चार-चार कोंबड्या पायाने उलट्या धरून पिंजऱ्यांत भरते आणि ट्रक भरून देते. घरी येतात तेव्हा भुवयांवरसुद्धा पिसांचा भुगा असतो.

आणि मी त्यांची वहिनी, श्वासाच्या गंभीर आजारांवर देशभर जी नजर ठेवली जाते तिच्यातली एक नर्स. आमच्यासारखी बरीच रुग्णालयं निवडलेली आहेत. ताप आणि खोकला घेऊन, दहा दिवसांच्या आत, भरती करण्याइतका आजारी माणूस आला की त्याचा फॉर्म भरायचा. आठवड्याच्या पहिल्या दहा जणांच्या नाकातला, घशातला नमुना घ्यायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचा. बुधवारी दुपारी गाडी येते आणि पेटी राजधानीच्या प्रयोगशाळेत जाते. कुठला फ्लू फिरतोय, किती फिरतोय, नवं काही आलंय का, हे सगळं तिथे कळतं. बुधवारनंतर जे येतात त्यांचा नमुना नसतो, नुसता फॉर्म असतो.

बाळंतपणाच्या आधी मी चोवीसच्या चोवीस प्रश्न विचारायची. सतराव्याला लोक हसायचे. एक आजोबा ऑक्सिजन चालू असताना म्हणाले होते, रोज एक कावळा डोक्यावर बसून जातो, तो धरायचा का. दोन वर्षांत एकदाही 'होय' आलं नव्हतं. मग ठकी झाली. ठकी म्हणजे माझी मुलगी, आता सात महिन्यांची. रजा संपवून कामावर आले तेव्हा ती चार महिन्यांची होती, आणि बारा वाजले की माझा ब्लाउज ओला व्हायला लागायचा. दोनला सुटका. त्याआधी चार-पाच फॉर्म. तेव्हा मी एक युक्ती काढली. सोमवारी सकाळी तीस फॉर्मचा गठ्ठा घ्यायचा आणि ज्यांचं उत्तर नेहमीच 'नाही' असतं त्या प्रश्नांपुढे खुणा करून ठेवायच्या. परदेश प्रवास, नाही. पक्षी, नाही. व्यवसायाच्या रकान्यातही मी लांबण लावणं सोडलं होतं. डेअरीवाला, गवंडी, हमाल, सगळे 'मजूर'. एका फॉर्ममागे चार मिनिटं वाचायची. चार मिनिटं म्हणजे किती, हे दूध भरून आलेल्या बाईला विचारावं.

“काय वहिनी, थांबलात का?” भाऊजी मास्कच्या आतून म्हणाले. “विचारा की. रोज मला घरी सांगता लोकांना काय काय विचारता ते. आज माझा नंबर आलाय तर गप्प.”

मी विचारलं. त्यांना माहीत असलेलं, मला माहीत असलेलं, तरी शब्दाला शब्द लावून विचारलं. ते हसायला गेले आणि खोकला सुरू झाला. तो थांबायला बराच वेळ लागला. मग बोटं वर करून मोजून दाखवलं त्यांनी. टोळीतल्या सहा जणांना हेच आहे. चौघं तर येऊनही गेले इथे. सगळे शुक्रवारीच येतात, कारण शुक्रवारी बाजार बंद, ट्रक नाहीत, तेवढी एकच सुट्टी.

शुक्रवार. नमुन्याची पेटी बुधवारीच गेलेली असते.

मला तीन आठवड्यांपूर्वीचं जेवण आठवलं. भाऊजी सांगत होते, एका शेडमध्ये शिरलो तर आवाजच नाही. हजारो कोंबड्या आणि सगळ्या गप्प, माना टाकून, तुरे निळे पडलेले. मालकाने मागे खड्डा खणून ठेवला होता. मेलेल्या पोत्यात भरून खड्ड्यात टाकल्या आणि उभ्या होत्या त्या ट्रकमध्ये. सासूबाई म्हणाल्या, जेवताना असलं काही बोलू नकोस. मी म्हणाले, साबणाने हात धुतल्याशिवाय ठकीला घेऊ नका. त्यांनी ठकीसमोर शाळेत दाखवतात तसे हात पालथे-उलथे करून दाखवले आणि तिला छातीवर घेतलं. ती त्यांच्याच छातीवर झोपते. माझ्या मांडीवर तासभर कुरकुर करते, काकाच्या छातीवर पाच मिनिटांत गार.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी गठ्ठा घेतला आणि तीस वेळा 'नाही'वर खूण केली.

फॉर्म तसाच हातात घेऊन मी आमच्या खोलीत गेले. एक कपाट, एक फ्रीज, एक संगणक, आणि संगणकासमोर टक्के. टक्के हे त्याचं आडनाव नव्हे. आम्ही भरलेले फॉर्म तो संगणकात घालतो आणि दर वाक्यात टक्केवारी सांगतो, म्हणून सगळं रुग्णालय त्याला टक्केच म्हणतं. चहासुद्धा त्याला ऐंशी टक्केच गरम मिळतो. त्याच्या डोक्यावर भिंतीला एक चौकट आहे: सर्वांत परिपूर्ण फॉर्म पाठवणाऱ्या केंद्राला मिळालेलं प्रशस्तिपत्र. एकही रकाना रिकामा नाही, म्हणून.

मी कपाटातून गेल्या पाच शुक्रवारचे फॉर्म काढून टेबलावर पसरले. अकरा पुरुष. वीस ते पंचेचाळीस वयाचे. मजूर, मजूर, मजूर. पक्षी, नाही. चार फॉर्मवर संपर्काचा फोन नंबर एकच होता. भाऊजींच्या फोनमध्ये पाहिला होता मी तो, त्यांच्या मुकादमाचा.

टक्के माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याला समजायला वेळ लागला नाही, तो हुशार आहे. त्याने संगणकावर सतरावा प्रश्न काढून दाखवला. मी परत आल्यापासून तीनशे बासष्ट फॉर्म, होय शून्य टक्के. मग उठून दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला की सिस्टर, घाबरू नका. दिराचा नमुना आत्ता घ्या, फ्रीजमध्ये ठेवा, तीन दिवस टिकतो. येत्या सोमवारची तारीख टाका, पहिल्या दहांत बसतो. या अकरांचे नवे फॉर्म लिहून काढू, मी संगणकात बदलतो, जुने फाडून टाकू. तुमचा करार पुढच्या महिन्यात नवा व्हायचाय, हे विसरू नका.

ते मी विसरले नव्हते. घर आम्ही तिघं मिळून चालवतो आणि तिघांतला एक खाटेवर बसून श्वास शोधत होता. मी सोमवारचा हिशेब केला. सोमवारी नमुना, बुधवारी गाडी, गुरुवारी उत्तर. सहा दिवस. भाऊजींच्या बोटावरच्या यंत्राने सकाळी ऑक्सिजन शहाऐंशी दाखवला होता. आणि टोळीतले बाकीचे उद्या शनिवारी पुन्हा कुठल्यातरी शेडमध्ये शिरणार होते. नव्या फॉर्मवर त्यांची नावं नीट आली असती, पण नवे फॉर्म वाचायला कोण बसलं होतं आज? आज कुणीतरी हादरायला हवं होतं. त्यासाठी आधी मी खोटं लिहिलं होतं हे सांगावं लागणार होतं, नाहीतर शून्य टक्केवाल्या केंद्रातून आलेला एक फोन कुणी मनावर घेतला असता?

“फाडायचं काही नाही,” मी टक्केला म्हणाले.

“बघा बुवा,” तो म्हणाला. “मी शंभर टक्के तुमच्याच भल्याचं सांगत होतो.”

मॅडम, म्हणजे आमच्या विभागाच्या डॉक्टर, वॉर्डातून परत येत होत्या. मी त्यांना जिन्यातच गाठलं. काय बोलले ते मला सलग आठवत नाही. भाऊजींची टोळी, शुक्रवार, निळे तुरे, सोमवारचा गठ्ठा, तीनशे बासष्ट फॉर्म, सगळं उलटसुलट सांगितलं असणार. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. त्या रागावतील अशी मी वाट बघत होते, कारण रागावल्या असत्या तर मला रडता आलं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“सगळे तीनशे बासष्ट?” त्यांनी विचारलं.

“सगळे.”

“आणि अकरातले गेले किती?”

एक गेला होता. दोन आठवड्यांपूर्वी, चौथ्या दिवशी. न्यूमोनिया लिहिलं होतं कारण म्हणून. मी त्याचा फॉर्म वर काढून ठेवला होता.

त्या बाजूच्या खोलीत गेल्या आणि प्रयोगशाळेला फोन लावला. दार उघडंच ठेवलं. पलीकडून काय विचारत होते ते मॅडमच्या उत्तरांवरून कळत होतं. नाही, बुधवारची वाट बघता येणार नाही. हो, फॉर्मवर संपर्क नाही असं आहे, ते चुकीचं आहे. नाही, आमच्याकडूनच चुकीचं भरलं गेलंय. हो, माझ्या सहीने लेखी देते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या प्रत्येक फॉर्मखाली त्यांचीही सही असते.

बाहेर येऊन त्यांनी भराभर कामं सांगितली. भाऊजींना वेगळ्या खोलीत हलवायचं, विषाणूवरचं औषध आत्ताच सुरू करायचं, रिपोर्टसाठी थांबायचं नाही. गाडी चारला येते. मी घरातलं माणूस, म्हणून मलाही मास्क, मलाही गोळ्या, आणि ठकीला पाजण्याचं काय ते बालरोगतज्ज्ञांना विचारून त्या सांगणार. मग म्हणाल्या की अकरा जणांना फोन लावायचे आहेत.

“मी लावते,” मी म्हणाले.

“तूच लावायचे आहेस,” त्या म्हणाल्या. “आणि त्या फॉर्मवर पांढरी शाई लावू नकोस. एक रेघ, बाजूला सही, आजची तारीख. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे.”

नमुना मीच घेतला. गाऊन, चष्मा, दोन मास्क, दोन हातमोजे. भाऊजींनी मला ओळखलं ते चालण्यावरून. नाकात काडी घालताना माणूस हटकून मागे सरकतो, म्हणून मी डोक्याच्या मागे हात लावला, ठकीला नाक साफ करताना लावते तसा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं.

“मेंदूपर्यंत गेली का काडी?” त्यांनी विचारलं.

“तिथे काही सापडलं नाही,” मी म्हणाले.

त्यांना हे आवडलं. खांदे हलले. मग मी मास्क पुन्हा बसवून देत होते तेव्हा ते माझं मनगट धरून म्हणाले, “वहिनी, ठकीला मी काल रात्री घेतलं होतं. ताप होता मला. तुम्हाला सांगितलं नाही, नाहीतर दिली नसतीत.”

त्यांच्या खोट्याला बोलायला माझ्याकडे तोंड कुठे होतं. नळीवर नाव लिहिलं, तारीख लिहिली, आजची.

मग फोन. पहिल्या सहा जणांत चार बरे होऊन कामावर होते, एक घरी खोकत होता, एकाने उचलला नाही. मुकादम आधी म्हणाला की अशी कुठली शेड आपल्याला माहीतच नाही. मॅडमनी फोन घेतला तेव्हा त्याला एकाएकी तीन शेड आठवल्या. उद्या कुणी कामावर जायचं नाही, सगळ्यांनी आज इथे यायचं, एवढं त्याच्याकडून वदवून घेतलं.

सातवा नंबर वारलेल्या माणसाचा होता. मला वाटलं होतं, बंद असेल. दुसऱ्याच रिंगला बाईने उचलला. मी रुग्णालयाचं नाव सांगितलं.

“रिपोर्ट आला का?” ती म्हणाली.

इतके दिवस ती रिपोर्टची वाट बघत होती. मी सांगितलं की नमुना घेतला गेला नव्हता. मागे कुणीतरी लहान मूल भांडी वाजवत होतं. मी म्हणाले, एक विचारायचं आहे, आणि सतरावा प्रश्न छापलाय तसा वाचला. दुसरे शब्द मला सुचले नाहीत.

“कोंबड्याच पकडायचे ते,” ती म्हणाली. “आठ वर्षं.” आवाजात राग नव्हता, जणू चुकीच्या पत्त्यावर आलेल्याला वाट सांगत होती. “तेव्हा विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. मी तिथेच होते ना, स्टुलावर. तुम्ही लिहीत होता.”

मला ती आठवेना. स्टूल आठवलं.

“होय,” मी म्हणाले. “मी विचारलं नाही.”

ती पुढे काही म्हणेल म्हणून मी फोन कानाशी घट्ट धरला. ती म्हणाली की तिलाही परवापासून खोकला आहे, अंगात कसकस आहे, तर यायचं का. मी म्हणाले, आत्ता या, मुलाला घेऊन या, मी दाराशी उभी राहते. फोन ठेवून तिच्या नवऱ्याचा फॉर्म पुढे ओढला. 'नाही'वरून एक रेघ, 'होय'त खूण, सही, तारीख. 'मजूर'वरून एक रेघ. वर लिहिलं, कोंबड्या पकडणे, आठ वर्षं. रेघेखालून माझं जुनं अक्षर स्वच्छ दिसत होतं, गोल, घाईचं.

टक्केने माझ्यासमोर न विचारता चहा ठेवला आणि संगणकात एकेक बदल करायला घेतला. टक्केवारी एकदाही सांगितली नाही.

चारला गाडी पेटी घेऊन गेली. मॅडमनी एक नवा कागद माझ्यापुढे ठेवला, भाऊजींच्या सहवासात आलेल्यांची यादी. नाव, वय, नातं, व्यवसाय, सहवास किती, त्रास काय. खाली तेच प्रश्न. पहिल्या ओळीवर मी ठकीचं नाव लिहिलं. वय सात महिने. नातं, पुतणी. व्यवसायाच्या रकान्यात लहान मुलांसाठी आडवी रेघ मारायची पद्धत आहे. मी लिहिलं, दूध पिते, झोपते, रांगायचा प्रयत्न करते. सहवास, रोज दोन तास, छातीवर.

मग घरी फोन लावला. सासूबाईंना भाऊजींचं सांगून झालं होतं, नवऱ्याने दुपारीच सांगितलं होतं. आवाज बसला होता त्यांचा. मी म्हणाले, आई, मला ठकीबद्दल काही विचारायचंय, एकेक करून, नीट आठवून सांगा. त्या म्हणाल्या, अगं, तुला सगळं माहीतच आहे. मी म्हणाले, तरी विचारणार.

खोकला? नाही. नाक वाहतंय? थोडं, सकाळपासून. दूध? नेहमीपेक्षा कमी, पण दात येतायत म्हणून असेल. सतराव्यावर आले. घरात कुठला पक्षी नाही, चौथ्या मजल्यावर राहतो आम्ही. मी तरी वाचला, जिवंत, आजारी किंवा मेलेल्या, शेवटपर्यंत.

सासूबाईंची पावलं खिडकीकडे गेली.

“पीस चालतं का त्यात?” त्यांनी विचारलं.

“कसलं पीस?”

“त्याने आणून दिलं होतं तिला. मंगळवारी. पांढरं, लांब होतं, गालावरून फिरवायचा. हसायची ती. रागावू नकोस. तोंडात घालत होती म्हणून मी काढून घेतलं. खिडकीत ठेवलंय, दे म्हणून रडते रोज.”

मी रागावले नाही. त्यांना म्हणाले, हाताने उचलू नका, प्लास्टिकची पिशवी उलटी घालून उचला, गाठ मारून दाराबाहेर ठेवा, हात धुवा. त्या 'हो' म्हणाल्या, प्रत्येक गोष्टीला वेगळं 'हो'. मग मी 'होय'च्या चौकोनात खूण केली. तीन वर्षांत त्या चौकोनात विचारून केलेल्या खुणा मोजक्या, आणि सगळ्या आजच्याच.

“आता थर्मामीटर लावा,” मी म्हणाले. “मी फोनवर थांबते.”

फोन गादीवर ठेवल्याचा आवाज आला. ठकीला माझा आवाज फोनमधून येतो हे अजून पटत नाही, ती फोनच्या मागे बघते. तिचं हुंकारणं जवळ आलं, लांब गेलं. सासूबाई तिला काखेत धर, धर म्हणून समजावत होत्या. दाराबाहेर कुणीतरी विचारत होतं की कोंबड्या पकडणाऱ्यांचा खोकला इथेच बघतात का. स्टुलावरची बाई असेल. मी खुर्चीवरून अर्धी उठले, पण फोन ठेवला नाही.

यंत्र वाजलं.

“सदतीस पॉइंट चार,” सासूबाई म्हणाल्या. “हा ताप आहे का गं?”

आमच्या व्याख्येत अडतीसच्या खाली ताप धरत नाहीत. तिथे 'नाही' लिहायचं असतं. मी चौकोन सोडला आणि समासात आकडा लिहिला, जसा सांगितला तसा, शेजारी वेळ घातली.

“अर्ध्या तासाने पुन्हा बघा,” मी म्हणाले, आणि दार उघडायला गेले.